दारावर नोटीस लागली तेव्हा

शास्त्रपाठ : नहेम्या 5:1-13, लेवीय 25:25-31, अनुवाद 24:10-13



तीन वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातील एका कुटुंबासाठी आपण विशेष अर्पण गोळा केले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. भावाचे कारखान्यातील काम सुटले होते, घराच्या कर्जाचे हप्ते राहिले होते आणि बँकेचे पत्र आले होते. रविवारी उपासनेनंतर थैली फिरली, महिला मंडळाने भर घातली, आणि जमलेले 40,000 रुपये मी स्वतः त्या भावाबरोबर जाऊन बँकेत भरले. पावती हातात घेऊन आम्ही पायरीवर उभे राहून प्रार्थना केली. पुढे आठ महिन्यांनी त्या घराचा लिलाव झाला.

ही गोष्ट मी आजवर कमिटीबाहेर सांगितली नव्हती. पैसे कोणी खाल्ले नाहीत. ते कर्जखात्यातच जमा झाले. पण थकबाकी जवळजवळ 70,000 होती, आणि एकदा खाते थकीत ठरले की सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये हे स्पष्टच केले आहे. आम्ही अर्धवट भरले. खाते होते तिथेच राहिले आणि जप्तीची कारवाई पुढे सरकत गेली. खिडकीवर मी एकच प्रश्न विचारायला हवा होता : “साहेब, आज नेमके किती भरले म्हणजे हे खाते नियमित होईल?” तो मी विचारला नाही. देणाऱ्यांच्या पैशाचा हिशेब मागितला जातो तसा अज्ञानाचाही मागितला जावा असे मला वाटते, म्हणून हा पाठ लिहितो आहे.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात पडलेला दुष्काळ आपल्याला परका नाही. धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. काहींनी राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते. मुलेमुली दुसऱ्यांच्या दारी राबू लागली होती. पहिल्याच वचनाकडे नीट पाहा. लोकांनी आणि त्यांच्या बायकांनी मोठ्याने गाऱ्हाणे केले असे तिथे आहे. बायकांचा उल्लेख मुद्दाम आहे. घर जाते तेव्हा पहिली झळ कोणाला लागते हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. नहेम्याला राग आला, पण तो लगेच धावत सुटला नाही. त्याने आधी मनाशी विचार केला आणि मग सभा बोलावली. आम्ही थैली आधी फिरवली आणि विचार नंतर केला.

आपल्या मंडळ्यांत तर गाऱ्हाणेच होत नाही. हप्ता थकला की माणूस आधी बँकेकडे जायचे टाळतो, मग बँकेचा फोन उचलायचे टाळतो आणि शेवटी देवळात यायचे टाळतो. वर्षभर प्रार्थनेच्या विनंत्यांत “घरची अडचण” एवढेच सांगितले जाते. ती अडचण काय आहे ते दारावर कागद चिकटतो तेव्हा सगळ्या गल्लीला कळते, आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी.

आता त्या कागदाविषयी.

बँकेच्या भाषेत ‘फोरक्लोजर’ हा शब्द ऐकून घाबरू नका. आपल्याकडे बँका तो शब्द बहुधा कर्ज मुदतीआधी फेडून खाते बंद करणे या अर्थाने वापरतात. घर हातचे जाण्याला इथे जप्ती, ताबा आणि लिलाव हे शब्द आहेत, आणि त्यामागचा मुख्य कायदा 2002 चा आहे. त्याला सगळे सरफेसी कायदा म्हणतात. या कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊन विकता येते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. गावच्या पतसंस्थेची वाट निराळी आहे. ती सहकार कायद्याच्या कलम 101 खाली उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवते आणि मग जप्ती करते. म्हणून कागद हातात आला की आधी तो कोणाचा आहे आणि कोणत्या कायद्याखाली आहे हे पाहायचे. कागद इंग्रजीत असला तरी कायद्याचे नाव, कलम आणि तारीख सापडतेच. ज्याला वाचता येते अशा एखाद्या पोराला बोलवा. लाज नको.

सरफेसीच्या वाटेवर दिवस मोजलेले आहेत. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत. त्यानंतर कलम 13(2) ची नोटीस येते, आणि तीत 60 दिवसांची मुदत असते. टपालाने दिलेली नोटीस कोणी घेतली नाही तर तीच दारावर चिकटवतात. म्हणजे दारावर पहिला कागद लागला याचा अर्थ घर गेले असा नाही. 60 दिवसांचे घड्याळ सुरू झाले आहे एवढाच त्याचा अर्थ. या दिवसांत कर्जदाराला लेखी हरकत देता येते, आणि बँकेने तिला 15 दिवसांच्या आत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे असा कायदा आहे. साध्या मराठीत लिहिलेले पत्रही चालते. मात्र ते शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी.

60 दिवस संपल्यावर बँक ताबा घेते. बहुतेक वेळा आधी कागदोपत्री ताबा असतो. दारावर दुसरी नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, पण माणसे घरातच असतात. प्रत्यक्ष बाहेर काढायचे तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणते. ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला जाऊ नका. या बाबतीत त्या न्यायालयाला अधिकारच नाही, आणि “स्टे आणून देतो” म्हणणाऱ्यांनी आपल्या माणसांचे पैसे आणि 45 दिवस दोन्ही घालवले आहेत. पुढे लिलाव. पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळे येणे खर्चासह भरले तर घर सोडवण्याचा हक्क कायद्याने आपला असतो. जाहिरात निघाल्यावर तो हक्क उरत नाही.

लेवीयच्या 25 व्या अध्यायात असेच दिवस मोजलेले आहेत हे मला अलीकडेच ध्यानात आले. तटबंदीच्या नगरातले घर विकले तर ते सोडवायला एक वर्ष मिळे, त्यानंतर ते कायमचे गेले. पण तटबंदी नसलेल्या खेड्यातले घर शेतासारखे धरले जाई. ते केव्हाही सोडवता येई आणि योबेल वर्षी परत मिळे. आणि जवळच्या नातलगावर सोडवण्याची जबाबदारी होती. म्हणजे घर कोठले आहे, त्यावरचे देणे कसले आहे आणि किती दिवस उरले आहेत, हे प्रश्न तेव्हाही विचारावे लागत.

आपल्या आदिवासी भावांच्या बाबतीत पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. शेतजमिनीवरच्या गहाणाला सरफेसी कायदा लागू होत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जालाही नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 च्या दुरुस्तीने कलम 36-अ आले. त्याप्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्रीसाठी शासनाची मान्यताही लागते, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होणारी विक्रीसुद्धा त्यातून सुटत नाही. यामुळे कर्ज माफ होते असे मुळीच समजू नये. बँकांना आणि सहकारी संस्थांना जमीन तारण देण्याच्या वेगळ्या तरतुदी आहेत आणि वसुलीचे दुसरे रस्तेही आहेत. पण वकिलाच्या पहिल्याच भेटीत सातबारा, जात प्रमाणपत्र आणि ‘आम्ही अनुसूचित जमातीचे आहोत’ हे वाक्य पुढे ठेवलेच पाहिजे. एक गैरसमज इथेच दूर करतो. ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. काही भाऊ भीतीपोटी ही गोष्ट कचेरीत सांगतच नाहीत.

दुसरा प्रश्न देण्याचा. पाड्यावरच्या बहुतेक बहिणींचे कर्ज बँकेचे नसतेच. ते गटाचे, आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या मायक्रोफायनान्सचे असते. मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर वसुलीच्या माणसाने “उद्या येऊन घराला कुलूप लावतो” असे सांगितले, आणि ती बाई रात्रीच भांडी आणि शेळ्या घेऊन माहेरी निघाली. वाटेत आमच्या सेविकेला भेटली म्हणून कळले. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे हे कर्ज वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारणच द्यायचे असते. विनातारण म्हणजे घर गहाण नाही, आणि घर गहाण नाही तर कुलूप कसले? कर्ज फेडायचे आहे हे खरे, आणि तिने पुढे फेडलेही. पण त्या माणसाच्या तोंडचे कुलूप कोणत्याही कायद्यात नव्हते.

अनुवादाच्या 24 व्या अध्यायातली आज्ञा इथे आठवते. गहाणवस्तू घ्यायला गेलेल्या धनकोने ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, आणि ऋणकोने स्वतः वस्तू आणून द्यायची. देणे लागणाऱ्या माणसाच्या उंबरठ्यालाही मान आहे. आजचा नियमही त्याच जातीचा आहे. वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शेजाऱ्यांसमोर अपमान करायचा नाही. तसे झाले तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही.

आता या वर्षीची दुसरी गोष्ट. एसटीत ड्रायव्हर असलेले आपले एक भाऊ दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. मागे पत्नी, दोन मुली आणि तालुक्याच्या गावी कर्जावर घेतलेले दोन खोल्यांचे घर. ताईंनी बँकेची पत्रे न फोडता पवित्र शास्त्राच्या पिशवीत ठेवली होती. “काका, उघडली असती तर खरी झाली असती,” असे त्या मला म्हणाल्या. दारावर नोटीस लागली तेव्हा पाळकसाहेबांनी मला फोन केला. नोटिशीवरची तारीख मोजली तर 19 दिवस गेले होते. 41 हातात होते.

या वेळी आम्ही थैली फिरवली नाही. एका संध्याकाळी घरातली सगळी कागदपत्रे जमिनीवर पसरली आणि धाकट्या मुलीने एकेक वाचून दाखवले. अलीशाने त्या विधवेला विचारले होते तेच आम्ही विचारत होतो : घरात काय आहे? (2 राजे 4 वाचा. सावकार तिच्या दोन मुलांना न्यायला आला होता.) कर्ज मंजुरीच्या पत्रात, पाचव्या पानावर, कर्जाच्या रकमेतून एक विम्याचा हप्ता कापल्याची नोंद होती. कर्जदार गेल्यास राहिलेले कर्ज विमा कंपनीने फेडायचे. दीड वर्ष कोणीच तो दावा केला नव्हता. शाखेतले साहेब बदलले होते, आणि ताईंना असा विमा आहे हेच माहीत नव्हते. बचत खात्याच्या पासबुकात दर वर्षी 436 रुपये कापल्याची नोंदही होती. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची. तिचे दोन लाख वेगळे.

दोन्ही दावे दाखल केले. त्याच दिवशी बँकेला लेखी हरकत दिली की दावा दाखल झाला आहे, निर्णय होईपर्यंत कारवाई थांबवावी. चौदाव्या दिवशी उत्तर आले, आणि कारवाई थांबली. विमा कंपनीने मृत्यूच्या तारखेचे राहिलेले कर्ज बँकेला दिले. त्यानंतरचे व्याज आणि खर्च ताईंनी दोन लाखांतून भरले. मिशनच्या निधीतून गेले ते झेरॉक्सचे, एसटीच्या तिकिटांचे आणि एका प्रतिज्ञापत्राचे पैसे.

प्रत्येक घरात असे पाचवे पान सापडत नाही. विमा नसेल तर काय करता येते?

हप्ते थकायच्या आधी किंवा थकल्याबरोबर बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता लहान करून मागावा. 90 दिवसांच्या आत गेलेल्या माणसाचे बँक जितके ऐकते तितके नंतर ऐकत नाही. खाते थकीत झाले असेल आणि घरात पुन्हा मिळकत सुरू झाली असेल, तर सगळी थकबाकी एकदम भरून खाते नियमित करावे. मदत द्यायची तर इथे द्यावी आणि पुरी द्यावी. एकरकमी तडजोडही असते. बँक काही सूट देते आणि उरलेले ठरल्या तारखेला भरायचे. पण तो आपला हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आहे, आणि पुढे कित्येक वर्षे नवे कर्ज मिळताना तो शेरा आड येतो. लोक अदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून अशी तडजोड घडवता येते. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून पेलेल तेवढेच कबूल करावे. भीडेपोटी हो म्हणू नये.

आणि हप्ता पेलणारच नाही हे उघड दिसत असेल तर घर स्वतः विकावे. हे सांगताना मला जड जाते, पण पहिल्या कुटुंबाला हाच सल्ला द्यायला हवा होता. लिलावात घर बहुधा पडत्या भावाने जाते. 60 दिवसांची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, पण बँका संमती देतात, कारण त्यांना पैसे हवे असतात, घर नको असते. त्यासाठीच ते ‘फोरक्लोजर लेटर’ मागायचे, म्हणजे किती भरले की खाते बंद होते ते कळते. उरलेले पैसे घेऊन माणूस भाड्याच्या खोलीत मान ताठ ठेवून जातो. लिलाव झालाच, तर बँकेचे येणे आणि खर्च भागून उरलेली रक्कमही आपलीच असते. ती मागावी. त्या भावाने ती मागितलीच नव्हती. या पावसाळ्यात आम्ही अर्ज दिला आहे.

एक रस्ता मात्र कधीच धरू नये : बँकेचे भरायला सावकाराचे घेणे किंवा मुकादमाची उचल घेणे. उचल घेऊन ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेली जोडपी घर वाचवायला जातात आणि मुलांची शाळा घालवून येतात. सावकाराने कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतले असेल तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. व्यवहार खोटा ठरला तर मालमत्ता परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. सावकाराकडे परवाना आहे का, हेही तिथेच कळते.

वकिलाचा खर्च कसा करायचा, असे सगळे विचारतात. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हा 1987 चा कायदा आहे. तालुका न्यायालयाच्या आवारात समितीची खोली असते, आणि 15100 हा फोन क्रमांक आहे. आपले कित्येक पुढारीही हे जाणत नाहीत. मीही तीन वर्षांपूर्वी जाणत नव्हतो.

नहेम्याविषयी एक गोष्ट राहिली. सरदारांना दटावताना त्याने सांगितले की मी आणि माझे भाऊही लोकांना पैसे व धान्य उसने देत आलो आहोत, आता हे सोडून देऊ या. त्याने स्वतःला वेगळे काढले नाही. आपल्यापैकी काही जण पाड्यावरच्या भावांना हातउसने देतात आणि मोबदल्यात शेतात राबवून घेतात, हे आपल्याला माहीत आहे. त्यावर घरसभेत बोलले जावे.

कमिटीने ठरवले आहे की पुढील तिमाहीपासून प्रत्येक मंडळीत दोन जण, शक्यतो त्यांत एक बहीण, या कामासाठी असावेत. पैसे वाटणे हे त्यांचे काम नाही. कागद वाचणे, तारीख मोजणे, बँकेत बरोबर जाणे आणि ऐकलेले बाहेर न सांगणे हे त्यांचे काम. ज्यांच्या घरी बँकेचे पत्र आले आहे त्यांनी ते न फोडलेले असले तरी तसेच घेऊन यावे. बरोबर आधारकार्ड, जात प्रमाणपत्र, पासबुक, कर्ज मंजुरीचे पत्र, घराचा उतारा, आणि कर्जदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणावा. कर्ज पूर्ण फिटलेल्यांनीही एकदा पाहून घ्यावे. मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये देणे बँकेवर आहे. शिवाय उताऱ्यावरचा बोजा तलाठ्याकडे अर्ज दिल्याशिवाय बहुधा उतरत नाही.

त्या ताईंच्या घरचा बोजा गेल्या महिन्यात उतरला. नवा उतारा त्यांनी पवित्र शास्त्राच्या पिशवीत ठेवला आहे, पण या वेळी उघडून, वाचून.